हवा कुठून खेचतेय?

गणपतीच्या आधी हमरापूर, जोहे भागातून मूर्तींचे टेम्पो निघू लागले की खारपाडा ते पेण गाड्यांची रांग लागते. त्या रांगेत माझी पेट्रोल गाडी हमखास त्रास द्यायची. थांबली की आरपीएमचा काटा साडेसातशेवरून हजारापुढे जायचा, परत खाली यायचा, कधी इंजिनच बंद पडायचं. रस्ता मोकळा झाला की ठणठणीत, आणि गॅरेजात नेली की त्याहून ठणठणीत! एका ठिकाणी प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली. फरक शून्य.

जित्याला महामार्गालगतच्या शेडमधल्या मेकॅनिकने आधी विचारलं, "नेमकं कधी होतं?"

"गरम झाल्यावर. गाडी उभी असताना."

"मग होऊ द्या गरम."

एसी लावून इंजिन चालू ठेवलं आणि तो शेजारी उभा राहिला. मला हे फार पटलं. दोष समोर नसताना पार्ट बदलणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या पैशाने अंदाज बांधणं.

अखेर काटा नाचू लागला. स्कॅनरवर दिसलं की आयडलिंगला इंजिन पेट्रोल बरंच वाढवून घेतंय. अडीच हजारापर्यंत रेस केली की ही वाढ जवळजवळ शून्यावर. "बाहेरची हवा खेचतेय," तो म्हणाला. आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असतो, मॅनिफोल्डमधली ओढ जबरदस्त असते आणि इंजिनला हवा थोडीच लागते. तेव्हा फटीतून शिरणारी चोरटी हवा सगळं मिश्रण बिघडवते. थ्रॉटल उघडला की तेवढीच हवा नगण्य ठरते.

फट शोधायला तापलेल्या इंजिनवर पेट घेणारा स्प्रे मारायला त्याने साफ नकार दिला. पकडीला फडकं गुंडाळून एकेक रबरी पाइप मॅनिफोल्डजवळ दाबत गेला. ब्रेक बूस्टरचा पाइप दाबताच काटा स्थिर झाला. सोडला, पुन्हा नाच. दाबला, शांत. पाइप काढून वाकवला तेव्हा खालच्या अंगाला नखाएवढी चीर उघडली. थंड असताना ती मिटलेली राहायची. गरम रबर मऊ पडलं की उघडायची.

ब्रेकला जोर देणारा बूस्टर याच पाइपातून मॅनिफोल्डची ओढ घेतो, म्हणजे प्रश्न ब्रेकचा होता. घाटात हे कळलं असतं तर, या विचाराने अंगावर काटा आला. चिकटपट्टी लावून द्यायला तो तयार झाला नाही. पेणहून नवा पाइप मागवला. बसवल्यावर इंजिन बंद करून मला ब्रेक पाचसहा वेळा दाबायला लावला, मग पाय दाबून धरून स्टार्टर मारायला सांगितलं. पेडल पायाखाली किंचित खाली गेलं. "आता बूस्टर ओढतोय," तो म्हणाला, आणि एसी लावून गाडी पुन्हा तापवत ठेवली.