वरचा बाण

भोसरीच्या एमआयडीसीत एका पत्र्याच्या शेडमध्ये आमची कंपनी होती. कापडाच्या यंत्रांना लागणारे कंट्रोलर आम्ही बनवायचो. साल २००५. आत लिनक्स, वर आमचा स्वतःचा, कुणालाही न दाखवायचा प्रोग्रॅम. सर्व्हिसची पोरं लॅपटॉप जोडून त्याला आज्ञा द्यायची, आणि एक अक्षर चुकलं की अख्खी ओळ पुन्हा टाइप करायची. त्यांची कुरकुर ऐकून मी रीडलाइन नावाची लायब्ररी जोडली. मेकफाइलमध्ये एका शब्दाची भर, कोडमध्ये चार ओळी. वरचा बाण दाबला की मागची आज्ञा हजर! साहेब खूश झाले.

अण्णा झाले नाहीत. अण्णा म्हणजे आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ, टेस्टिंग बघायचे. दुपारी डबा संपला की बडीशेप चघळत कुणाच्या तरी खुर्चीमागे येऊन उभे राहायचे. त्या दिवशी माझी पाळी. माझ्याच कीबोर्डवर वाकून त्यांनी आमच्या तयार प्रोग्रॅमवर ‘स्ट्रिंग्ज’ ही आज्ञा चालवली. अक्षरांचा लोंढा वाहून गेला, त्यात ‘इनपुटआरसी’ हा रीडलाइनचा शब्द तरंगत होता.

“हे कुणाचं गं?”

“फुकट आहे अण्णा.”

“ते कळलं. कुणाचं, विचारतोय.”

मला सांगता येईना. त्यांनी लायब्ररीसोबत आलेली ‘कॉपीइंग’ नावाची फाइल छापून आणली आणि हातात पेन्सिल दिली. जून १९९१ची जीपीएल, आवृत्ती दोन. लायसन्स ही वाचायची गोष्ट असते हे मला त्या दुपारी कळलं. तोवर ‘आय अ‍ॅग्री’वर क्लिक करणं एवढाच त्याच्याशी संबंध.

मी वाद घातला. लिनक्सही जीपीएलच, मग तो कसा चालतो? अण्णांनी लिनक्सच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची कॉपीइंग फाइल उघडली. तिच्या डोक्यावरच तेव्हा लिनक्सचे कर्ते टोरवाल्ड्स यांचा खुलासा होता: कर्नलच्या सेवा नेहमीच्या रीतीने वापरणाऱ्या प्रोग्रॅमला हे लायसन्स लागू होत नाही. सी लायब्ररी? ती एलजीपीएलखाली, बंद कोडशी जोडायची मुभा देणारी. रीडलाइनला मात्र जीपीएलचे कर्ते स्टॉलमन यांनी मुद्दाम पूर्ण जीपीएलखाली ठेवलं होतं. ती हवी असेल तर तुमचंही उघडा.

“मग वेगळी ठेवू. चालताना जोडली जाईल.”

त्यावर त्यांनी क्लिस्प या लिस्प भाषेच्या प्रोग्रॅमची गोष्ट सांगितली. १९९२मध्ये त्याचे एक कर्ते ब्रूनो हैबल यांनी हीच पळवाट काढून पाहिली होती: आम्ही रीडलाइन देत नाही, वापरणाऱ्याने आपली आपण जोडावी. स्टॉलमन यांनी ती मानली नाही. पत्रापत्री झाली आणि शेवटी हैबलनी क्लिस्पच जीपीएलखाली आणलं. तो पत्रव्यवहार क्लिस्पच्या सोबतच मिळतो. कोर्टात काय ठरलं असतं, देव जाणे. अण्णांना कोर्टाशी कर्तव्यच नव्हतं.

आमचा कोड उघडायला साहेब तयार होणं शक्य नव्हतं. मी रीडलाइन काढून बीएसडी लायसन्सची लिबएडिट बसवली. माल आठवडाभर अडकला. मीटिंगमध्ये साहेब कडाडले, तेव्हा माझ्याआधी अण्णा म्हणाले, “माझ्या नजरेला उशिरा आलं.” हे खोटं होतं. मी लायब्ररी जोडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी ते माझ्या खुर्चीमागे उभे होते. मी गप्प बसले, हे आजही बोचतं.

कर्नल आणि बिझीबॉक्स हा छोट्या आज्ञांचा संच, दोन्ही जीपीएलखालचे, आम्ही गरजेप्रमाणे बदलून वापरत होतो; त्यांचा सोर्स द्यायलाच हवा होता. अण्णांच्या आग्रहाने मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर एक चौकट आली: पुढची तीन वर्षं, जो कुणी मागेल त्याला सीडी धाडण्याच्या खर्चात सोर्स मिळेल. ‘जो कुणी’वर साहेब अडले. आपलं गिऱ्हाईक नसलेल्यालाही? अण्णांनी कलम तीनवर बोट ठेवलं. पान छापलं गेलं, आणि अर्थातच कुणी काही मागितलं नाही.

अण्णा निवृत्त होऊन सांगलीला गेले. दुसऱ्या वर्षी कंपनीच्या पत्त्यावर एक आंतर्देशीय आलं. ओळखीचं तिरपं अक्षर, पण मजकूर परक्यासारखा: आपल्या मॅन्युअलच्या शेवटच्या पानानुसार सोर्सची मागणी करीत आहे, खर्च कळवावा. खाली सही.

मी हसले, आणि लगेच घाम फुटला. त्या मालात गेलेला नेमका कर्नल कुठे होता? बदल करणारा मुलगा नोकरी सोडून गेला होता, त्याचं मशीन पुसलं गेलं होतं. तीन दिवस जुन्या बॅकअपच्या सीडी धुंडाळून सगळं जमवलं, सीडी बर्न केली, बबलरॅपमध्ये गुंडाळून स्पीडपोस्टाने पाठवली. त्यांच्याकडून खर्च मागायची माझी छाती झाली नाही.

आठवड्याने फोन आला. ख्यालीखुशाली नाही, काही नाही.

“सीडी पोचली,” अण्णा म्हणाले. “बिझीबॉक्सची मेकफाइल राहिली बघ.”