मिश्रीचं नाव घेतलं नाही

"तंबाखू, सिगारेट, दारू?" डॉक्टरांनी फॉर्मवर पेन टेकवून विचारलं.

मी "नाही" म्हणाले. सांगलीतला दवाखाना होता, २०२३ चा फेब्रुवारी महिना. शेजारी माझे मिस्टर बसले होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्या वेळी माझ्या पर्समध्ये मिश्रीची डबी होती. साताऱ्याहून निघण्याआधी एकदा आणि वाटेत कराडला चहाला थांबलो तेव्हा एकदा, अशी दोनदा लावूनही झाली होती.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तंबाखूमुक्त शाळेची शपथ मुलांना मीच देते. ती शपथ देणारी बाई दिवसातून चार वेळा मिश्री लावते हे घरच्यांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. माझं आजोळ पाटण तालुक्यातलं. आजी तव्यावर तंबाखू भाजायची, काळी पडली की कुटून डबीत भरायची. चौदाव्या वर्षी माझी दाढ ठणकत होती, तेव्हा तिनेच बोटावर चिमूटभर दिली. दाढ ठणकायची थांबली आणि सवय लागली. आमच्याकडे मिश्रीला कुणी व्यसन म्हणत नाही. दात घासायची पूड म्हणतात. पण डॉक्टरांसमोर मी गोंधळून नाही म्हणाले, असं नव्हतं. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, एवढं मला नक्की कळत होतं. मला लाज वाटली आणि मी खोटं बोलले.

दवाखान्यात मी गेले होते ते पोटासाठी. आता त्याविषयी. थोरली मुलगी झाली तेव्हा आईने रीतीप्रमाणे सगळं केलं. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, आणि जुन्या सुती लुगड्याने घट्ट पोट बांधणं. बांधल्याने कमरेला आधार वाटतो, ते खरंच आहे. पण मग जुळे मुलगे झाले, सिझर झालं, आणि पोट परत जागेवर आलंच नाही. पोटाच्या मध्यभागी वरून खाली दोन उभे स्नायू असतात. त्यांना जोडणारा पट्टा गरोदरपणात ताणला जातो. बहुतेकींचा तो काही महिन्यांत आवळतो, माझा आवळला नाही. दोन स्नायूंमध्ये चार बोटं सहज जायची. अंथरुणातून उठताना बेंबीच्या वर वरवंट्यासारखा उंचवटा यायचा. कंबर कायम दुखायची. खाली सिझरच्या टाक्यावर कातडीची घडी लोंबायची, आणि उन्हाळ्यात तिच्याखाली सोलवटायचं.

मुलं पाच वर्षांची असताना शेजारच्या हळदीकुंकवाला एका बाईंनी माझी ओटी भरली आणि म्हणाल्या, "या वेळी मुलगी होऊ दे." मी बरं म्हणून नारळ पदरात घेतला. घरी आल्यावर मी ठरवलं, की टमी टकचं ऑपरेशन करायचं.

त्याआधी फिजिओथेरपीच्या ताईंनी श्वासाचे आणि ओटीपोट आत घेण्याचे व्यायाम शिकवले होते. ते मी तीन आठवड्यांत सोडले आणि मोबाइलवर बघून सिट-अप्ससारखे पोटाचे व्यायाम जोरात करू लागले. त्याने मधला उंचवटा आणखी वर यायला लागला. फट फार रुंद होती, नुसत्या व्यायामाने ती पूर्ण मिटली नसती हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. तरी आधी स्नायू तयार केले असते तर पुढे उपयोग झाला असता.

टमी टक म्हणजे चरबी काढणं, असं पुष्कळांना वाटतं. पण यात कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत आडवा छेद घेतात, कातडी बरगड्यांपर्यंत मोकळी करतात, फाकलेले स्नायू टाके घालून मध्ये आणतात, जास्तीची कातडी कापतात आणि बेंबीला नवी जागा करून देतात. हे सौंदर्याचं ऑपरेशन धरलं जातं, म्हणून मेडिक्लेममध्ये बसत नाही. पाच वर्षांच्या भिशीचे पैसे त्यात गेले. ते माझे होते, त्याचं मला वाईट वाटत नाही.

साताऱ्यात सोय नव्हती असं नाही. सांगली-मिरजेचं नाव मोठं आहे. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून आमच्या बाजूचे लोक तिकडे जात आले आहेत. पण मी गेले ते एवढ्याचसाठी, की पोवई नाक्यावर कुणी बघायला नको. माझी बहीण विश्रामबागेत राहते. तिला आणि मिस्टरांना खरं माहीत होतं. सासूबाईंना, जावेला, शाळेत सगळ्यांना मी हार्निया सांगितला. सव्वाशे किलोमीटर लांब ऑपरेशन करून घेतलं, तर जखम दाखवायलाही तेवढंच लांब जावं लागेल, याचा विचार मी केला नाही.

मेच्या सुट्टीत ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी बहिणीकडे आले. अंगावर घट्ट पट्टा, दोन्ही बाजूंना ड्रेनच्या नळ्या, त्यांच्या टोकाला बाटल्या. किती लाल पाणी जमलं ते बहीण रोज वहीत लिहायची. सरळ उभं राहता येत नाही. वाकून, भिंतीला धरून चालायचं, पण चालायचंच, नाहीतर पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती असते. झोपताना पाठीमागे तीन उशा आणि गुडघ्यांखाली एक. शिंक आली की पोटाशी उशी धरायची. सांगलीचा उकाडा आणि तो पट्टा. दुपारी दोन-दोन तास मी तो काढून ठेवायचे, ते बहिणीला सांगितलं नाही.

दुखण्याच्या गोळ्यांनी पोट साफ होत नव्हतं. कुंथायचं नाही, टाक्यांवर ताण येतो, असं बजावलं होतं. पाचव्या दिवशी पहाटे मी बाथरूममध्ये डबी उघडली. मिश्री लावली की पोट साफ होतं, ही आमच्याकडची पक्की समजूत. झालंही. मग त्या दिवशी तीनदा लावली. त्यासाठी साधं औषध असतं, आणि ते चिठ्ठीवर लिहून दिलेलं होतं.

मिश्रीने काय होतं ते मला नंतर समजलं. कातडी मोकळी करताना खालून येणाऱ्या कितीतरी रक्तवाहिन्या कापाव्या लागतात. उरलेलं रक्त बाजूंनी येतं, आणि बेंबीखालचा मधला भाग त्याच्यापासून सगळ्यात लांब असतो. तिथे आधीच जेमतेम रक्त पोचतं. तंबाखूतलं निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं. ते धुरातून आलं काय किंवा हिरडीतून आलं काय, रक्तात गेल्यावर काम तेच. म्हणून अशा ऑपरेशनआधी निदान चार आठवडे आणि नंतर चार आठवडे तंबाखू पूर्ण बंद ठेवायला सांगतात. मी एक दिवसही बंद ठेवली नव्हती.

आठव्या दिवशी ड्रेन निघाले, दुसऱ्या दिवशी साताऱ्याला आले. सासूबाईंच्या हिशेबाने हार्निया म्हणजे आठ दिवसांचं दुखणं. त्यांच्या भावजयीचं झालं होतं, ती पंधराव्या दिवशी शेतात गेली म्हणे. त्या मुद्दाम मला काही करायला लावत नव्हत्या. पण जावेकडे लग्न होतं, त्या तिकडे गेल्या की घर माझ्यावर. मी कणीक मळली, कळशी उचलली, रडणाऱ्या धाकट्याला कडेवर घेतलं. सहा आठवडे वजन उचलायचं नाही, हे त्यांना ठाऊक असतं तर त्यांनी मला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नसता. चार दिवसांत कातडीखाली पाणी साठलं. पोटावर हात ठेवला की आत डुचमळायचं.

अकराव्या दिवशी टाक्याच्या वर, बरोब्बर मध्ये, रुपयाएवढा निळसर डाग दिसला. मुका मार असेल असं मी स्वतःला समजावलं. दोन दिवसांनी तो काळा झाला आणि पसरला. हात लावला तर काही कळत नव्हतं. अर्थात बेंबीखालचा सगळाच भाग बधिर होता. डॉक्टरांचा नंबर फोनमध्ये होता. फोटो काढून पाठवायला एक मिनिट लागलं असतं. फोटो पाठवला तर ते बोलावतील, हार्नियासाठी परत सांगलीला कशाला असं घरी विचारतील, आणि डॉक्टर पुन्हा तंबाखूचं विचारतील, म्हणून मी पाच दिवस गप्प बसले. त्या पाच दिवसांत मिश्री वाढली, कारण जीव घाबरा झाला होता. त्या सगळ्या प्रकरणातली माझी सगळ्यात मोठी चूक मी ते पाच दिवस धरते. सोळाव्या दिवशी ताप आला आणि पट्ट्याला वास यायला लागला. मिस्टरांनी मला गाडीत घातलं.

डॉक्टरांनी जखम बघितली, काही बोलले नाहीत. मग विचारलं, "तंबाखूचा काही संबंध?" मी म्हणाले, "मिश्री लावते. चोवीस वर्षं झाली." ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी केसपेपर ओढून ते लिहून घेतलं आणि एवढंच म्हणाले, की आधी कळलं असतं तर ऑपरेशन पुढे ढकललं असतं. खिडकीकडे तोंड करून मिस्टर उभे होते. खोटं बोलताना मी त्यांनाही त्यात ओढलं होतं.

मेलेली कातडी कापून काढली. तळहाताएवढी जखम उघडी राहिली. ती टाके घालून बंद करता येत नाही, खालून हळूहळू भरून यावी लागते. साठलेलं पाणी सुईने तीनदा काढलं. नऊ आठवडे रोज ड्रेसिंग. जूनमध्ये शाळा सुरू झाली, मी पगार कापून घेऊन घरी बसले. मुलं दाराशी येऊन थांबायची. औषधाच्या वासाने आत यायची नाहीत.

ड्रेसिंगला सिस्टर घरी येऊ लागल्या तेव्हा लपवणं संपलं. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंतचा टाका हार्नियाचा नाही, हे त्यांना न सांगता समजलं. सिस्टर गेल्यावर मी सगळं सांगितलं, ओटी भरण्याच्या प्रसंगासकट. त्या बराच वेळ बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "मला सांगायचं की गं. माझंबी असंच हाय." पदर बाजूला करून त्यांनी आपलं पोट दाखवलं. पाच बाळंतपणं, बेंबीच्या वर नारळाएवढा फुगवटा. चाळीस वर्षं त्यांनी तो लुगड्याच्या घडीखाली ठेवला होता. ज्या माणसाला हे सगळ्यात आधी समजलं असतं, त्याच माणसापासून मी ते लपवलं होतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. स्वतःची मिश्रीची डबी त्यांनी परड्यात नेऊन ठेवली आणि आजही तिकडेच जाऊन लावतात. त्यांची सुटलेली नाही. माझी २८ मेपासून सुटली. पहिले पंधरा दिवस हात सारखा उशीखाली जायचा.

ऑपरेशन केलं याचा मला पश्चात्ताप नाही. स्नायूंची शिवण टिकली. कंबर दुखायची थांबली. पाचव्या महिन्यात मी मुलांबरोबर थांबत थांबत अजिंक्यतारा चढले. पण टाक्याच्या मध्ये चार बोटं रुंदीचा, ओढलेला, चकचकीत वण आहे आणि तिथे अजून स्पर्श कळत नाही. तो दुरुस्त करता येईल असं डॉक्टर म्हणाले. मी नको म्हणाले.

सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या बायांना माझं एवढंच सांगणं आहे. कुठलंही ऑपरेशन असो, डॉक्टर तंबाखूचं विचारतील तेव्हा मिश्रीचं नाव घ्या. दिवसातून किती वेळा, तेही सांगा. आणि ओपीडीतल्या डॉक्टर-सिस्टरांनो, तुम्ही "तंबाखू खाता का" एवढ्यावर थांबू नका. "मिश्री लावता का?" असं आमच्या शब्दात विचारा, आणि शक्य असेल तर नवऱ्याला बाहेर बसवून विचारा.