केसांतले मीठ

ताट वाढताना पहिला मान मिठाचा. चिमूटभरच का असेना, पण ते आधी पडते. लिंबू आणि चटणी-कोशिंबीर मागाहून. मिठाचा संबंध जिभेशी तसाच इमानाशीही आहे. खाल्ल्या मिठाला जागणे हा तर आम्हां नोकरदारांचा कुळधर्मच. दृष्ट काढावयाची झाली तरी मोहऱ्यांच्या जोडीला पुन्हा मीठच. असा हा जुना, घरोब्याचा पदार्थ अलीकडे मात्र अक्षरशः डोक्यावर चढून बसला आहे. खारे पाणी ओलसर केसांवर फवारावयाचे, केस मुठीत धरून चुरगळावयाचे आणि तसेच वाळू द्यावयाचे. म्हणजे समुद्रावरून नुकतेच परतल्यासारखे ते किंचित राठ, लहरदार आणि भरघोस दिसतात. या फवाऱ्याच्या बाटल्या दुकानांतून मिळतात आणि त्यांची किंमत किलोभर मिठाच्या कित्येक पट असते.

आमच्या घरात अशी बाटली आली ती चामराजपुरम येथे. म्हैसूर शहराचा हा जुना भाग. नंजनगूडवरून चामराजनगरास जाणाऱ्या लोहमार्गाचे एक लहानसे स्थानक येथे आहे, आणि त्याच्या जवळून जाणाऱ्या रस्त्याला झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे नाव आहे. परमुलखात पत्ता सांगताना मराठी माणसाला तेवढाच दिलासा. समुद्र मात्र दूर. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर उंचीवर. कोझिकोडचा किनारा गाठावयाचा तर घाट उतरून दोनशेहून अधिक किलोमीटर जावे लागते. आमच्या कन्येचे केस सरळ व तुळतुळीत. सकाळी माळलेला मल्लिगेचा गजरा दुपारपर्यंत निसटून खांद्यावर येतो. तिने फवारा आणला यात नवल नव्हते. नवल वाटले ते आमच्या मातोश्रींस.

मातोश्रींचे माहेर शिरोड्याचे, म्हणजे मिठागरांच्या गावचे. बाटलीवरील मजकूर नातीकडून ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "केसांक मीठ इकात घेतलंस? आमचां अख्खां आयुष्य तां धुण्यात गेलां गो!" यात विनोदापेक्षा हकीकतच अधिक होती. किनाऱ्यावरच्या बायकांचे केस खारा वारा आपण होऊनच राठ करीत असे. मचूळ पाण्यात साबणाला फेस येईना. मग शिकेकाई, रिठे आणि वाटीभर खोबरेल यांनी ते मीठ आठवड्याच्या आठवड्याला उतरवावयाचे. आजीने जे जन्मभर काढून टाकले, तेच नात पैसे मोजून लावून घेत होती.

या फवाऱ्यामागचे शास्त्र सोपे आहे. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्यातील काही बंध पक्के, गंधकाचे. काही दुबळे, हायड्रोजनचे. पाण्याने दुबळे बंध सुटतात आणि केस वाळताना ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. ओल्या केसाला वळण देता येते ते यामुळे. केस पाण्याला इतका हळवा, की १७८३ साली सोस्यूर या जिनीव्हाच्या शास्त्रज्ञाने त्याच्याच आधारे हवेची आर्द्रता मोजण्याच्या यंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले. कोरड्या हवेतून दमट हवेत गेलेला केस शेकडा दोन-अडीच लांबतो. मीठ यात एवढेच करते की, त्याचे बारीक कण केसाच्या अंगावर राहतात, केसाला केस घासतो, बटा एकमेकींना धरून राहतात. पक्क्या बंधांना ते हात लावीत नाही. डोक्यावरून पाणी घेतले की केस पूर्ववत.

आता यातील गंमत अशी की, हा समुद्राचा गुण समुद्रापासून दूरच चांगला लागू पडतो. साध्या मिठाला हवेतील आर्द्रता शेकडा पंचाहत्तरीच्या वर गेली की पाणी सुटते. समुद्राच्या मिठात मिसळलेल्या मॅग्नेशियम क्लोराइडला तर तिच्या निम्मीही पुरते. आषाढात कोकणातली मिठाची बरणी ज्यांनी पाहिली आहे त्यांस हे सांगावयास नको. तेथे हा फवारा मारला तर केस लहरदार न होता चिकट होतील. म्हैसुरातील उन्हाळ्याच्या कोरड्या दुपारी मात्र तो छान वाळतो.

बाटली संपल्यावर मातोश्रींनी दुसरी आणू दिली नाही. अडीचशे मिलिलिटर कोमट पाण्यात मोठा चमचाभर जाडे मीठ आणि अर्धा लहान चमचा खोबरेल, हे त्यांचे प्रमाण. थंडीच्या दिवसांत येथे सकाळी खोबरेल थिजते, म्हणून पाणी कोमट. आणि तेल वर तरंगते, म्हणून प्रत्येक वेळी बाटली हलवून घ्यावयाची. हिशेब केला तर हे पाणी समुद्राहून खारट भरते, कारण समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण पस्तीस ग्रॅमच मीठ असते. म्हणून अटी दोन: आठवड्यातून एकदाच, आणि त्याच रात्री केस धुवावयाचे, नाही तर ते शुष्क होऊन तुटू लागतात.

मीठ विरघळेपर्यंत बोलणे निघाले. भरतीचे पाणी कसे आत घेतात, एका वाफ्यातून दुसऱ्यात कसे खेळवतात, उन्हाने धरलेले मीठ कसे ओढतात. आणि दिवसभर त्या पाण्यात उभ्या राहणाऱ्यांच्या पायांच्या भेगा रात्री कशा चुरचुरतात. मे १९३० मध्ये याच मिठागरांवर सत्याग्रह झाला, हे कन्येला पुस्तकातून ठाऊक होते. भेगा ठाऊक नव्हत्या.

बदलीच्या गावी वाढणाऱ्या आपल्या मुलांस आपण मुलूख देतो तो असाच, वाळवून, बाटलीत भरून. गणपती, हापूस, एखादी सुट्टी. लहर तेवढी त्यांना मिळते, चिकटपणा आपण मागे ठेवून आलेले असतो. त्यात मुलांचा दोष नाही. आमची कन्या कानडी आमच्याहून सरस बोलते आणि तिचे केस सरळच राहणार. त्याची आम्हांस खंत नाही. पण आठवड्यातून एक दिवस ती आजीपुढे पाट घेऊन बसते, आणि फवाऱ्याबरोबर चार खाऱ्या गोष्टीही ऐकते. मीठ रात्री धुतले जाते. त्या दिवशी मल्लिगेचा गजरा मात्र संध्याकाळपर्यंत जागचा हलत नाही.