पट्ट्याचं टेन्शन

अमेरिकेत चार वर्षं काढली की मराठी माणूस बऱ्याच गोष्टी स्वतःच्या हाताने करायला लागतो. इथली मजुरी ऐकली की पाना आपोआप हातात येतो. गाडीचं तेल आणि ब्रेक पॅड बदलणं आम्हीही एम. एस. करतानाच शिकलो. ती विद्यार्थिदशेत घेतलेली 2000 सालची होंडा सिव्हिक अजून दारात आहे. या उन्हाळ्यात आमच्या कन्येने कॉलेजला नेण्यासाठी नेमकी तीच मागितली, आणि घरात टायमिंग बेल्टचा विषय निघाला.

ज्यांचा या पट्ट्याशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्या झाल्या की कॅमशाफ्टची बरोबर एक व्हायला हवी. हा हिशोब सांभाळतो एक दातेरी रबरी पट्टा. तो सैल राहिला तर दात सरकतो आणि हिशोब चुकतो. तुटला तर आमच्या गाडीसारख्या इंजिनात उघडे राहिलेले व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिनच कामातून जातं. फार घट्ट बसवला तर तो कण्हतो आणि त्याच्यावरच फिरणाऱ्या वॉटर पंपाचं बेअरिंग खातो. शिवाय तुटण्यापूर्वी तो बहुधा काही सूचना देत नाही. कॉलेज तीन तासांवर, सगळा रस्ता हायवेचा आणि चालवणार आमची मुलगी. तेव्हा नवा पट्टा घालायचा, आणि त्याचा ताण अंदाजाने नव्हे तर मोजून बघायचा, असं आम्ही ठरवलं.

आमच्या लहानपणी पुण्यात मारुती 800 दुरुस्त करणारे मेकॅनिक पट्टा चिमटीत धरून पिळायचे. दोन पुलींमधल्या सर्वांत लांब भागात तो जेमतेम काटकोनात वळला की ताण बरोबर! इथेही जुने लोक हाच नियम सांगतात. त्यात तथ्य आहे, पण चिमूट कोणाची, पट्टा किती रुंद आणि मोकळा भाग किती लांब, यावर सगळं अवलंबून. पैलवानाचा काटकोन वेगळा, आमचा वेगळा.

दुसरी पद्धत तानपुऱ्याची. पट्टा बोटाने छेडला की तारेसारखा थरथरतो, आणि ताण वाढला की सूर चढतो. दर मीटरला पट्ट्याचं वजन, मोकळ्या भागाच्या लांबीचा वर्ग आणि कंपनसंख्येचा वर्ग यांचा गुणाकार करून त्याला चारने गुणलं की ताण मिळतो. समजा, मीटरला 0.12 किलोचा पट्टा आहे, मोकळा भाग 20 सेंटिमीटर आणि सूर 100 हर्ट्झ. मग ताण 192 न्यूटन, म्हणजे साधारण 20 किलोचं पोतं टांगल्याइतका. सौ.चा तानपुरा पांढरी पाचमध्ये लागतो. त्याच्या खर्जाची तार 98 हर्ट्झची, म्हणजे जवळजवळ तोच सूर! पूर्वी यासाठी महागडं यंत्र लागे. आता कंपनसंख्या दाखवणारं फोनवरचं ॲप पुरतं.

मात्र गणितात वर्ग आहेत हे विसरू नये. सूर दहा टक्के चढला तर ताण एकवीस टक्के वाढलेला असतो. 20 सेंटिमीटर मोजताना एका सेंटिमीटरची चूक झाली तरी उत्तर दहा टक्क्यांनी हलतं.

आता गंमत अशी, की आमच्या सिव्हिकच्या दुरुस्तीच्या पुस्तकात ताणाचा आकडा नाहीच. तिथे फक्त कृती आहे. इंजिन थंड हवं. हे इंजिन पुलीच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं, म्हणून त्याच दिशेने पाच-सहा फेऱ्या हाताने फिरवून खुणा जुळवायच्या. टेन्शनरचा बोल्ट अर्धा फेरा सैल करायचा. मग कॅम पुलीचे तीन दात सरकेपर्यंत क्रँक फिरवून बोल्ट आवळायचा. या तीन दातांमुळे ओढणारी बाजू ताठ होते आणि सगळी ढिलाई टेन्शनरकडे जाते. तिथली स्प्रिंग योग्य तेवढाच ताण देते. मोजमाप त्या स्प्रिंगमध्येच भरून ठेवलंय म्हणा ना! तीन दातांची पायरी गाळली, तर हातात कितीही भारी मीटर असला तरी उपयोग नाही.

मग आम्ही मोजलं कशाला? पुढच्या वेळेसाठी. बोल्ट कन्येकडून टॉर्क रेंचने आवळून घेतला. पुन्हा दोन फेरे देऊन इंजिन त्याच खुणेवर आणलं, कारण व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा पट्टा ओढत असतात आणि जागा बदलली की सूरही बदलतो. गॅरेजमधला पंखा बंद केला. कन्येने फोन धरला, आम्ही पट्टा छेडला. तीन वेळा एकच आकडा आला, तो तारीख आणि मैलांसह वहीत लिहिला. उद्या पट्ट्याची शंका आली तर थंड इंजिनावर, त्याच खुणेवर, तोच भाग छेडायचा. सूर उतरला असेल तर टेन्शनर बघायचा. पट्टा मात्र पुस्तकात दिलेले मैल किंवा वर्षं, जे आधी भरेल तेव्हा बदलायचाच. सूर कितीही छान लागू दे.

ऑगस्टमध्ये गाडी गेली. ती वळणाआड होईपर्यंत आम्ही दोघं दारात उभे होतो. "पट्ट्याचं टेन्शन मोजून झालं," सौ. म्हणाल्या, "आता आपलं कोण मोजणार?" त्याचं सूत्र काही आमच्यापाशी नव्हतं. तीन तासांनी फोन आला, "पोचले," आणि मगच आम्ही दोघं जेवायला बसलो.