बाळाचे पोट दुखते तेव्हा

चिखलदऱ्याचे नाव काढले की लोकांना गाविलगड आठवतो, भीमकुंड आठवते, कॉफीचे मळे आठवतात. पावसाळ्यात मोटारी भरभरून माणसे येतात, ढग बघतात, भाजलेली कणसे खातात आणि दिवेलागणीच्या आत परतवाड्याचा घाट उतरून जातात. त्यांचे काही चुकते असे नाही. पण सुमारे अकराशे मीटर उंचीवरच्या या आमच्या गावाभोवती जे मेळघाटचे रान पसरले आहे, त्यातल्या कोरकू वस्त्यांमधून अधूनमधून एखादी बातमी खाली अमरावती-नागपूरपर्यंत जाते, आणि मग चार दिवस आमचा तालुका वर्तमानपत्रात येतो. २०२५ च्या फेब्रुवारीत अशीच बातमी आली. तालुक्यातल्या एका गावी बावीस दिवसांच्या बाळाला पोटावर गरम लोखंडाचे ६५ चटके दिले होते. ती विसरते न विसरते तोच जूनमध्ये दुसरी आली. दहा दिवसांचे बाळ आणि तापलेल्या विळ्याचे ३९ डाग. या प्रकाराला इकडे ‘डंबा’ म्हणतात. बाळाचे पोट फुगले, श्वास लागला, की घरातली म्हातारी नाहीतर गावचा भूमका विळा तापवतो.

वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, आणि “काय हे अज्ञान!” असे म्हणून तो पान उलटतो. मला ते पान लगेच उलटता आले नाही. कारण त्याच फेब्रुवारीत माझी नात पाच आठवड्यांची होती आणि रोज संध्याकाळी सात वाजले की घर डोक्यावर घेत होती.

ज्यांनी असे बाळ सांभाळले आहे त्यांना वर्णन नको. मुठी आवळलेल्या, पाय पोटाशी घेतलेले, तोंड लालबुंद. दूध पाजले तरी रडे थांबत नाही, नाही पाजले तरी थांबत नाही. लेक माझ्याकडे बघे, मी घड्याळाकडे बघे, आणि हे बाहेर व्हरांड्यात जाऊन विनाकारण झाडांना पाणी घालीत. अशा वेळी सल्ल्यांना तोटा नसतो. विहीणबाईंचा पुण्याहून फोन आला, बेंबीभोवती हिंग लावा. माझी धाकटी बहीण म्हणाली, सहाणेवर घुटी उगाळ; जायफळ, वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, प्रत्येकाचे मोजून वेढे. शेजारच्या बाई तर ग्राइप वॉटरची बाटलीच घेऊन आल्या.

या ग्राइप वॉटरची कथा मोठी गमतीची आहे. इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड नावाच्या औषधवाल्याने १८५१ साली ते काढले. त्यात शेपाचे तेल होते, सोडा होता, साखर होती, आणि चांगला मद्यार्कही होता. बाळे शांत झोपत यात नवल ते काय! ब्रिटनमध्ये तो मद्यार्क निघायला १९९२ साल उजाडावे लागले. आणि आपल्याकडे काय निराळे होते? मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्यांना अफूची बाळागोळी चारून पाळी गाठीत. त्यांना दोष कोणी द्यावा? पोर रडत ठेवून साच्यावर उभे राहणे त्यांच्या नशिबी होते.

राहिला डागण्यांचा प्रश्न. माझ्या आजीच्या पोटावर, बेंबीच्या दोन्ही अंगांना, चार काळसर ठिपके होते. लहानपणी आम्हाला ते गोंदण वाटे. पुढे कळले की ते बिब्ब्याचे. तान्हेपणी तिचे पोट दुखले म्हणून तिच्या आजीने बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला आणि सुटलेल्या तेलाचे ठिपके पोटावर उठवले. चांगल्या खात्यापित्या ब्राह्मणाचे घर, दारात विहीर, ओसरीवर पोथी. तेव्हा मेळघाटच्या म्हातारीवर हसण्यापूर्वी वाचकांनी आपापल्या पणजीची आठवण जरूर करावी.

शास्त्र काय म्हणते ते लेकीच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला सांगितले, आणि ते इतके साधे होते की प्रथम खरे वाटेना. १९५४ साली अमेरिकेत वेसल नावाच्या डॉक्टरांनी अशा रडण्याची खूण बांधून दिली. पोटभर दूध मिळणारे, निरोगी बाळ दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यातून तीन दिवसांहून जास्त आणि तीन आठवड्यांहून जास्त काळ रडते. पुढे १९६२ साली ब्रेझल्टन यांनी ऐंशी आयांकडून रडण्याच्या नोंदी ठेवून घेतल्या, तेव्हा दिसले की निरोगी बाळांचेही रडणे दुसऱ्या आठवड्यापासून चढत जाते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास कळसाला पोहोचते आणि तिसऱ्या महिन्यापर्यंत आपोआप ओसरते. का, ते अजून कोणी नेमके सांगत नाही. आता गंमत पाहा. जे दुखणे आपल्या पायांनी येते आणि आपल्या पायांनी जाते, त्याच्यावर जो उपाय कराल तो लागू पडतो! जाताना जो दाराशी उभा असेल त्याला श्रेय. हिंगाला हिंगाचे, घुटीला घुटीचे. आणि डागलेले बाळ तर आधी किंचाळते आणि मग थकून निपचित पडते. पाहणाऱ्याला वाटते, गुण आला.

हिंग लावल्याने फारसे काही बिघडत नाही. घुटीचे तसे नाही. सहाण, पाणी, बोट यांतून जंतू थेट पोटात जातात, आणि सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज पाण्याचा थेंबही लागत नाही, अगदी आमच्या परतवाड्याच्या उन्हाळ्यातसुद्धा. वर्ष होईतो मधाचे बोट नको. धुरीही नको, तिचा धूर त्या एवढ्याशा फुप्फुसांत जातो. मग करायचे काय? दूध पाजल्यावर उभे धरून ढेकर काढावी. बाळ जागे असताना आपल्या हातावर पालथे घेऊन, पोटाखाली तळहात देऊन, फिरत राहावे. झोपवताना मात्र उताणेच. थंडीत आईने उघड्या छातीशी धरून वरून शाल घ्यावी. फार वैताग आला तर बाळाला पाळण्यात ठेवून पाच मिनिटे दुसऱ्या खोलीत जावे, पण त्याला गदगदा हलवू नये. दिवसाकाठी सहा दुपटी ओली होत असतील आणि वजन वाढत असेल तर दूध पुरते आहे. एवढेच. पण हे ‘एवढेच’ करणे फार अवघड. हातांना काहीतरी करायला हवे असते.

त्या दिवसांत आमच्याकडे आवळे विकायला एक कोरकू म्हातारी येई. मी लेकीला हातावर पालथी धरायला शिकवत होते, ती पायरीवर बसून पाहत होती. बातमीचा विषय मीच काढला. ती रागावली नाही.

“बाई,” ती म्हणाली, “राती पोट्ट्याचं पोट धमधम उडते, दूध पीत नाही, कण्हते. बाहेर पाणी, नाला भरलेला. तवा काय नुसतं पाहात बसाव का? माह्या आईनं मले डागलं, मी माह्या पोराले डागलं. एक जगलं, एक गेलं.”

यावर काय बोलावे? तिच्या सांगण्यातली खूण मात्र मला डॉक्टरीणबाईंच्या तोंडून ठाऊक होती. माझी नात रडत होती ती जोराने, आणि अधूनमधून अधाशासारखी दूध पीत होती. म्हातारी सांगत होती ते बाळ रडत नव्हते, पीत नव्हते आणि त्याचे पोट श्वासागणिक उडत होते. ती पोटाची वायूची कळ नव्हे, तो बहुधा न्यूमोनिया. ज्याला पोटाचे दुखणे समजून विळा तापतो ते पुष्कळदा छातीचे असते. त्यात भाजलेल्या कातडीतून जंतू शिरायला नवी वाट होते. रडणाऱ्या बाळापेक्षा न रडणाऱ्याची धास्ती अधिक धरावी. दोन महिन्यांच्या आतले बाळ शांत असताना मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास घेत असेल, बरगड्यांखाली खोल खळगा पडत असेल, अंग तापले किंवा गार पडले असेल, पिणे सोडले असेल, तर मग हिंगही नको आणि वाटही पाहायची नाही. गाडी मिळेल त्या दवाखान्यात न्यावे.

हे श्वास मोजणे डॉक्टरच करू शकतात असे नाही. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायांना ते शिकवले, घरी जाऊन बाळ तपासायचे, ऊब द्यायची, श्वास मोजायचे, वेळप्रसंगी औषध टोचायचे. १९९९ साली त्यांनी जगापुढे मांडले की त्या गावांतले नवजात बालकांचे मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटले. २०११ पासून देशभर आशाताई पहिल्या बेचाळीस दिवसांत घरी येतात त्या याच वाटेने. आमच्या मेळघाटात धारणीकडे डॉ. आशिष सातव यांच्या ‘महान’ संस्थेने गावच्या बाया अशाच तयार केल्या आहेत.

जूनमधली दुसरी बातमी आली त्या आठवड्यात म्हातारी जांभळे घेऊन आली. नात पाच महिन्यांची, ओसरीवर झोपलेली. संध्याकाळचे रडे मार्चअखेर केव्हा थांबले ते कोणाच्या लक्षातही राहिले नव्हते. मी तिला म्हटले, “आजी, मोजून पाहता का?” तिने हात पुसला, बाळाच्या पोटावर नुसता टेकवला. दहा झाले की एक बोट मिटायचे. मी घड्याळ धरले. मिनिट झाले तेव्हा तिची चार बोटे मिटली होती.

“सहा मिटले म्हणजे?”

“नुकत्या जन्मलेल्या बाळाची सहा मिटली की दवाखाना.”

ती बराच वेळ बोटे बघत होती. नातसुनेचे दिवस भरत आले होते, दिवाळीच्या आगेमागे. मग म्हणाली, “आन् घड्याळ नसलं तं?”

ह्यांचे जुने मनगटी घड्याळ कपाटात पडून होते. किल्ली दिली तर चालले. सेकंदाचा काटा कुठून कुठे गेला म्हणजे मिनिट, ते तिला दोनदा दाखवले. तिने ते पदराच्या टोकाला गाठ मारून बांधले आणि जांभळांचा भाव मात्र एक रुपयानेही कमी केला नाही.