पाचवी वर्गणी

शिक्षण संपत आलेले आहे, नोकरीचे पत्र अद्याप हाती पडलेले नाही आणि घरात लग्नाचा विषय अधूनमधून निघू लागलेला आहे, अशा मधल्या काळात मित्रांनी मिळून केलेल्या प्रवासाकडे मराठी प्रवासवर्णनाच्या अभ्यासात फारसे स्वतंत्रपणे पाहिले जात नाही. त्याची नोंद झालीच, तर ती तीर्थयात्रा, देशाटन किंवा निसर्गवर्णन यांपैकी एखाद्या सदराखाली होते. वस्तुतः या प्रवासात ठिकाण दुय्यम असते. आपण लवकरच पांगणार आहोत हे कळून चुकलेल्या माणसांनी एकत्र राहण्याची मुदत थोडी वाढवून घेतलेली असते, आणि त्या वाढीव मुदतीत प्रत्येक जण पुढे कसा माणूस होणार याचा अंदाज बाकीच्यांना येऊन जातो: पैसे कोण सांभाळतो, भांडण कोण मिटवतो, खिडकीची जागा कोण सोडत नाही, आणि रात्रभर जागून सामानावर लक्ष कोण ठेवतो.

धारवाडच्या मलमड्डी भागातील एक जुने घर नुकतेच रिकामे करण्यात आले, तेव्हा माळ्यावरून खाली उतरवलेला एक होल्डॉल या लेखाला निमित्त झाला. होल्डॉल म्हणजे जाड कॅनव्हासची, चामड्याच्या पट्ट्यांनी आवळायची लांबट गुंडाळी. तिच्यात गादी, उशी, चादर आणि कडेच्या कप्प्यांत किरकोळ सामान बसत असे. दमट कॅनव्हासचा वास माळ्यावरून खोलीत पसरला आणि जमलेल्यांपैकी कोणालाही तो कशाचा आहे हे विचारावे लागले नाही. 1980च्या दशकात कर्नाटक विद्यापीठात शिकणाऱ्या पाच जणांनी वर्गणी काढून हा होल्डॉल हुबळीच्या बाजारात विकत घेतला होता; त्यांत चार मुलगे होते आणि एक मुलगी होती. पैसे पाच जणांनी दिले, प्रवासाला चौघे गेले. प्रस्तुत लेखक त्या चौघांपैकी एक. ज्याचे घर रिकामे झाले तो त्यांच्यातला रात्रभर जागून सामान सांभाळणारा मित्र; तो गेल्या वर्षी वारला.

होल्डॉलच्या आतल्या कप्प्यावर तेलाचा मोठा डाग आहे. तो शेंगदाण्याच्या चटणीचा आहे, आणि ती चटणी, कडक भाकऱ्यांच्या चवडीसह, पाचवीने घरून करून धारवाड स्टेशनवर आणून दिली होती. गोव्याला जाण्याचा बेत मुळात तिचाच होता. रेल्वेच्या वेळापत्रकावरून गाड्यांच्या वेळा तिने उतरवून घेतल्या होत्या, खर्चाचा अंदाज तिने बांधला होता, आणि दूधसागरचा धबधबा नीट दिसण्यासाठी कोणत्या बाजूच्या खिडकीशी बसावे हेही तिनेच कोणाकडून तरी माहीत करून घेतले होते. घरच्यांनी परवानगी दिली नाही; तिने ती दुसऱ्यांदा मागितली नाही, आणि वर्गणीही परत घेतली नाही.

ज्या मार्गाने ते चौघे गेले, त्याचा इतिहास तरुणांच्या सहलीला शोभणारा नाही. 1876 ते 1878च्या भीषण दुष्काळाने दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटक हा सगळा पट्टा होरपळून निघाल्यानंतर, दुष्काळी मुलखात धान्य पोहोचवता यावे या हेतूने 1882 साली सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी स्थापन झाली, आणि तिचे मुख्य कार्यालय धारवाडला होते. कंपनीने घातलेले मार्ग मीटर गेजचे, म्हणजे दोन रुळांमध्ये एक मीटर अंतर असलेले होते. त्याच सुमारास, 1878च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाला अनुसरून, मुरगाव बंदरापासून घाट चढून कॅसलरॉकपर्यंत येणारी रेल्वे पोर्तुगीज मुलखातून बांधली गेली आणि दोन्ही मार्ग सह्याद्रीच्या माथ्यावर जोडले गेले. घाटाचा चढ इतका उभा आहे की गाडीला मागून रेटण्यासाठी जादा इंजिने जोडावी लागतात; रेल्वेची माणसे त्यांना बँकर म्हणतात. कॅसलरॉक हे इंग्रजी हद्दीतील शेवटचे स्थानक होते आणि खाली कुळे हे पोर्तुगीज हद्दीतील. गोवामुक्तीचा लढा तीव्र झाल्यावर 1955 साली ही वाहतूक बंद पडली, आणि 1961च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत धारवाडच्या तरुणांना दूधसागरच्या पुलावरून जाणे शक्य राहिले नाही. आधीच्या पिढीला जी हद्द अडवीत होती, ती या पाच जणांच्या वेळी नकाशावरून पुसली गेली होती. एकीच्या घराच्या उंबऱ्यावर मात्र ती शाबूत होती.

धारवाड, अळणावर, लोंढा, कॅसलरॉक, दूधसागर, कुळे असा तो क्रम. लोंढ्याला कानडी मागे पडून फलाटावर मराठी ऐकू येऊ लागते, आणि त्यापुढे बोगद्यांमधून गाडी घाट उतरते. सुमारे 310 मीटर उंचीवरून कोसळणारा तो धबधबा रुळांना इतका खेटून आहे की पावसाळ्यात त्याचे तुषार डब्यात येतात. असे दृश्य आयुष्यभर स्मरणात राहावे. परंतु प्रस्तुत लेखकाच्या मनात त्या प्रवासातून जे टिकले ते दूधसागर नव्हे. टिकला तो धारवाडच्या फलाटावरचा, गाडी हलण्याआधीचा थोडासा वेळ: डब्याची खिडकी, तिच्या गजांपलीकडे उभी असलेली ती मुलगी, आणि कोणत्या बाजूला बसायचे ते विसरू नका, असे तिचे पुनःपुन्हा बजावणे.

मराठी आणि कानडी साहित्याच्या इतिहासात मित्रांच्या गटांना मोठा मान आहे, आणि तो योग्यच आहे. ज्यांच्या घरची भाषा मराठी होती ते कानडीचे थोर कवी द. रा. बेंद्रे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून धारवाडला परतले आणि 1922च्या सुमारास त्यांच्याभोवती ‘गेळेयर गुंपु’, म्हणजे मित्रांचा गट, उभा राहिला; शं. बा. जोशी, बेटगेरी कृष्णशर्मा, रं. श्री. मुगळी, वि. कृ. गोकाक ही त्यातील ठळक नावे. पुण्यात 1923 साली रविकिरण मंडळ स्थापन झाले. धारवाडच्या गटातील ही सर्व ठळक नावे पुरुषांची आहेत; पुण्याच्या मंडळात मनोरमाबाई रानडे कवयित्री म्हणून होत्या, परंतु त्या मंडळातील श्रीधर रानडे यांच्या पत्नीही होत्या. एखादी अविवाहित मुलगी केवळ मैत्रीण या नात्याने अशा गटात वावरू शकेल, ही कल्पना त्या काळाला पेलणारी नव्हती, आणि साठ वर्षांनंतर ती धारवाडला पूर्णपणे पेलत होती असेही म्हणता येत नाही.

या संदर्भात काका कालेलकरांचे उदाहरण मनातून हलत नाही. वडिलांच्या बदल्यांमुळे त्यांचे बालपण सातारा, कारवार, धारवाड, बेळगाव अशा गावांत गेले. बडोद्याचे गंगनाथ विद्यालय सरकारी रोषामुळे बंद पडल्यानंतर, 1912 साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, ते हिमालयात पायी गेले. सोबत त्यांच्याहून थोडे लहान असलेले स्वामी आनंद आणि अनंतबुवा मर्ढेकर होते. पुढे कालेलकर आणि स्वामी आनंद दोघेही गांधीजींच्या कार्यात सामील झाले, आणि त्या प्रवासावरचे कालेलकरांचे पुस्तक प्रथम गुजरातीत प्रसिद्ध होऊन भारतीय प्रवासवाङ्मयात मान्यता पावले. स्वामी आनंदही गुजरातीचे लेखक म्हणून नावाजले गेले. अनंतबुवांचे नाव मात्र सामान्य वाचकाला त्या दोघांमुळेच कळते. परंतु तिसऱ्या मित्राहूनही अधिक मागे राहिलेली एक व्यक्ती या कथेत आहे. कालेलकर तेव्हा विवाहित होते. तिघे मित्र बर्फातली वाट तुडवीत असताना त्यांच्या पत्नीने ते दिवस कसे काढले, हा प्रश्न त्या यात्रेच्या इतिहासाचाच भाग आहे, आणि तो विचारल्याने कालेलकरांच्या तपाला कमीपणा येत नाही.

प्रस्तुत लेखकाचा रोष कोणा एका ग्रंथकारावर नसून प्रवासवर्णनाच्या एका रूढीवर आहे. पुस्तक गाडी सुटण्यापासून सुरू होते आणि परतीच्या स्टेशनावर संपते. बेत कोणी आखला, शिदोरी कोणी बांधली, घर कोणी चालवले, हे प्रस्तावनेतील आभारांपुरते उरते, आणि बहुधा तिथेही उरत नाही. प्रवास म्हणजे शरीराने काटलेले अंतर, एवढीच व्याख्या त्यामागे आहे. होल्डॉलचे पुढचे आयुष्य पाहिले तरी हीच व्याख्या दिसते. चौघांपैकी एकाला मुंबईत बँकेत नोकरी लागली तेव्हा तो त्याच्यासोबत गेला. दुसऱ्याच्या लग्नात वऱ्हाडाच्या सामानात मिरवला. तिसऱ्याच्या मुलाला पुण्याच्या वसतिगृहात सोडताना उपयोगी पडला. चाकांच्या बॅगा आल्या, वातानुकूलित डब्यात चादरी मिळू लागल्या, मीटर गेजच्या जागी ब्रॉड गेज आले, आणि तो मलमड्डीच्या माळ्यावर जाऊन पडला. पाच जणांच्या मालकीची ती वस्तू चार घरांत राहिली. पाचवीच्या घरी ती कधीच गेली नाही.

त्या मैत्रिणीचे लग्न हुबळीत झाले आणि तिने तिथेच एका शाळेत भूगोल शिकवला. मित्राच्या निधनानंतर भेटायला आली असताना तिने त्या मार्गावरची सगळी स्थानके, लहानसहान थांब्यांसह, ओळीने सांगितली; तिघा मित्रांना अर्धीदेखील आठवत नव्हती. लोंढ्याच्या पुढे ती अजूनही गेलेली नाही. जावेसे वाटत नाही का, असे विचारता तिने सांगितले की आता मुले, सुना, नातवंडे सगळे न्यायला तयार आहेत, पण कुटुंबाने दाखवून आणलेला दूधसागर तिला नको आहे. तिला त्या चौघांबरोबर जायचे होते, आणि त्यातला एक आता राहिला नाही. तिच्या स्वरात तक्रार नव्हती. पण भरपाई म्हणून दिलेली कोणतीही सहल ती स्वीकारणार नाही, हे स्पष्ट होते, आणि तिचा तो नकार संपूर्ण न्याय्य आहे.

तरुणपणीच्या प्रवासाचे वैशिष्ट्य त्याच्या वयात आहे. तो पुढे ढकलता येत नाही, आणि ज्याला तो त्या वेळी नाकारला गेला त्याला तो नंतर देता येत नाही. आज हुबळी-धारवाडच्या महाविद्यालयांतील मुली मैत्रिणींच्या, मित्रांच्या सोबतीने गोव्याला, हंपीला जाताना दिसतात, ही सुखद गोष्ट आहे; पण त्यांच्यातही एखादी बेत आखून, पैसे भरून मागे राहत असेल. अशा प्रवासाची हकिगत जो कोणी लिहील, त्याने गेलेल्यांची नावे लिहिण्याआधी वर्गणी भरलेल्यांची नावे लिहावीत.