औषधाचें मूळ नांव

आमच्या गुरुजनांनीं अमरकोश पाठ करवून घेतला, त्यांत एक हेतु असा होता कीं, वस्तु एक आणि नांवें अनेक, हें विद्यार्थ्याच्या मनावर लहानपणींच ठसावें. हळदीस हरिद्रा म्हणा वा काञ्चनी म्हणा, तिचा गुण बदलत नाहीं. परंतु औषधांच्या दुकानांत पाऊल टाकतांच आपण सुशिक्षित मंडळी हें विसरतों आणि गुणापेक्षां नांवासच अधिक मोल देतों.

सावलीसारख्या गांवींहि रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्या हा आतां तांदळाइतकाच नित्याचा खर्च झाला आहे. आमच्या थोरल्या वहिनींचें वय सत्तरीपुढचें. त्यांची गोळ्यांची पट्टी महिना उलटला तरी संपेना, म्हणून मीं विचारलें. "भाऊजी, एक दिवसाआड घेतें. नातवंडांच्या फीचे दिवस आहेत," असें त्या शांतपणें म्हणाल्या. रक्तदाब दुखत नाहीं कीं खुपत नाहीं, म्हणूनच गोळी चुकविणें सोपें वाटतें. त्याची किंमत मात्र पुढें मेंदूस वा हृदयास द्यावी लागते. घरांतील स्त्री काटकसरीचा आरंभ स्वतःच्या औषधापासून करते, हें किती गृहस्थांच्या ध्यानांत येतें?

"काकींचें कार्ड आहे ना, मग खर्च कसला?" असें पुतण्यानें विचारलें. ही समजूत पुष्कळांची आहे. २०१२ सालीं राज्याची जी आरोग्ययोजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आमचा शेजारी गडचिरोली जिल्हा होता. तीच आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना होय. २०२४ च्या ऑक्टोबरांत सत्तरीपुढील सर्वांस, उत्पन्न न पाहतां, आयुष्मान कार्डाची सोय झाली. परंतु हा आधार मुख्यतः रुग्णालयांत दाखल होणाऱ्यांस आहे. आयुष्मान योजनेंत घरीं परतल्यावर पंधरा दिवसांचीं औषधें मिळतात. जन्माची रोजची गोळी त्यांत बसत नाहीं. तिच्यासाठीं प्रथम सरकारी दवाखान्यांत चौकशी करावी. राज्याच्या आरोग्य खात्यानें १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क केले आहेत.

दुसरा मार्ग जेनेरिक औषधांचा. जेनेरिक म्हणजे हलकें नव्हे, तर मूळ द्रव्याच्या नांवानें विकलें जाणारें औषध. १९७० च्या पेटंट कायद्यानें औषधी द्रव्यावर मक्ता न देतां तें तयार करण्याच्या कृतीपुरताच दिला. त्यामुळें अनेक कारखाने तेंच द्रव्य निराळ्या कृतीनें करूं लागले. २००५ सालीं द्रव्यावरील मक्ता पुन्हां आला, तरी त्याची मुदत वीस वर्षांची. ॲम्लोडिपीन, मेटफॉर्मिन हीं जुनीं द्रव्यें आज कोणाच्याच मालकीचीं नाहींत. २००८ सालीं सुरू झालेल्या जनऔषधि केंद्रांत तीं स्वस्तांत मिळतात.

मात्र चिठ्ठीवांचून न मिळणाऱ्या औषधाच्या जागीं दुसरें, तें त्याच द्रव्याचें असलें तरी, देण्याची दुकानदारास मुभा नाहीं. डॉक्टरांनीं मूळ नांवच लिहावें असा सक्तीचा नियम २०२३ च्या ऑगस्टांत आला आणि त्याच महिन्यांत स्थगित झाला. म्हणून मागणी आपणच केली पाहिजे. वहिनींच्या डॉक्टरांनीं विनंति करतांच मूळ नांव लिहून दिलें. पुतण्या चंद्रपुरास जातो तेव्हां गोळ्या घेऊन येतो, आणि वहिनी आतां रोज घेतात.

दर्जाची शंका रास्त आहे. परंतु केंद्रीय औषध नियंत्रण खातें निकृष्ट औषधांची यादी दरमहा प्रसिद्ध करतें, तींत नामांकित छापाचीं औषधेंहि आढळतात. पावती नेहमीं घ्यावी. अपस्माराचें वा थायरॉईडचें औषध मात्र डॉक्टरांस विचारल्यावांचून बदलूं नये.

वाचकहो, येत्या पहिल्या तारखेस किराण्याच्या यादीबरोबर घरांतील औषधांच्या पट्ट्याहि समोर घ्या. सप्टेंबर २०१८ पासून बहुतेक पट्ट्यांवर मूळ नांव छापाच्या नांवाहून मोठ्या अक्षरांत असतें. तें वहींत उतरून घ्या व डॉक्टरांस दाखवा. आणि पट्टींतील उरलेल्या गोळ्याहि मोजा. कोणाचें औषध मुकाट्यानें मागें पडत आहे, हें त्या मोजणींत कळतें. विचारून तें क्वचितच कळतें.